घरासाठी बीपी मशीन कसं निवडायचं? कफ, अचूकता, ब्लूटूथ आणि स्मार्टवॉचबद्दल संपूर्ण माहिती

आई-बाबांसाठी बीपी मशीन घ्यायचं म्हणून शॉपिंग ॲप उघडलं की पहिल्याच पानावर डझनभर मशीन समोर येतात. सगळ्यांना चारच्या वर स्टार, सगळ्यांवर ‘१०० टक्के अचूक’ लिहिलेलं, आणि किमती मात्र हजार-दीड हजारापासून पाच हजारांच्या पुढेपर्यंत. मोबाईल घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी असं सगळं शेजारी शेजारी ठेवून बघतो. बीपी मशीन घेताना मात्र बहुतेक जण किंमत आणि स्टार बघतात आणि ऑर्डर टाकून मोकळे होतात.

मोबाईल बिघडला तर लगेच कळतं. बीपी मशीन चुकीचं दाखवत असेल तर कळायला काही मार्ग नसतो. स्क्रीनवर १२४/७८ आलं की आपण तोच आकडा खरा धरतो, वहीत लिहितो, डॉक्टरांना दाखवतो आणि त्यावरून गोळी सुरू होते, वाढते किंवा कमी होते. म्हणून हे मशीन निवडायला अर्धा तास द्यायला हरकत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे या लेखात मशीनबद्दल बोलू. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

घाई असेल तर एवढं वाचा

- दंडावर कफ बांधायचं ऑटोमॅटिक डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं शक्यतो टाळा.
- मॉडेल नंबर व्हॅलिडेटेड मशीनच्या यादीत आहे का ते बघा. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.
- ऑर्डर टाकण्याआधी ज्याच्यासाठी मशीन घेताय त्याच्या दंडाचा घेर टेपने मोजा.
- ब्लूटूथ, ॲप, रंगीत स्क्रीन हे सगळं त्यानंतर.
- स्मार्टवॉच किंवा मोबाईल ॲपच्या आकड्यावरून गोळी बदलू नका.

आपल्याला कशाला हवंय हे मशीन?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ वर्षांवरच्या २१.३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष हे बीपी वाढलेले किंवा बीपीची गोळी चालू असलेले आढळले. साधारण चार-पाच माणसांमागे एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना ते माहीतच नाही.

माहीत नसण्याचं कारण सोपं आहे. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही. ‘मला काही होत नाही, डोकं पण दुखत नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, पण बीपी मोजल्याशिवाय कळत नाही.

दवाखान्यातल्या एका मोजणीवरही सगळं ठरत नाही. काहींचं बीपी डॉक्टरांसमोर बसलं की चढतं आणि घरी नॉर्मल येतं. काहींचं बरोबर उलटं असतं. तिथे नॉर्मल, आणि घरी-ऑफिसात चढलेलं. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो सुटून जातो. घरच्या मशीनचा खरा उपयोग इथे आहे.

मशीन बीपी मोजतं म्हणजे नक्की काय करतं?

बीपीत दोन आकडे असतात. वरचा म्हणजे हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिनीत असलेला दाब. खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, हृदय सैल पडल्यावरचा. मोजायचं माप मिलिमीटर पारा. १२० म्हणजे पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंच स्तंभ उचलून धरेल एवढा दाब.

दंडाला गुंडाळून मोजायची कल्पना इटलीतल्या रीवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. १९०५ मध्ये रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी कफखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची पद्धत सांगितली. तीच पद्धत डॉक्टर अजून वापरतात.

घरचं डिजिटल मशीन मात्र आवाज ऐकत नाही. ते कफमध्ये हवा भरतं, दंडातली रक्तवाहिनी दाबली जाते, आणि मग दाब बदलत असताना प्रत्येक ठोक्याला कफमधल्या हवेत जे बारीक हेलकावे उठतात ते प्रेशर सेन्सरने टिपतं. हे हेलकावे आधी लहान असतात, मग वाढतात, एका जागी सगळ्यात मोठे होतात आणि पुन्हा लहान होतात. सगळ्यात मोठा हेलकावा साधारण सरासरी दाबाच्या जागी येतो.

आता गंमत बघा. मशीनला सगळ्यात थेट मिळतो तो हा सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा ते हेलकाव्यांच्या आकारावरून अंदाजाने काढतं. हा अंदाज काढणारा फॉर्म्युला प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि गुप्त असतो. म्हणजे सेन्सर चांगला असूनही फॉर्म्युला भिकार असेल तर आकडा चुकणार.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: कोड बघायला मिळत नसेल तर टेस्टचा रिझल्ट मागा. इथेही तेच.

व्हॅलिडेशन: बॉक्सवरच्या शंभर स्टिकरपेक्षा महत्त्वाचं

व्हॅलिडेशन म्हणजे त्या मॉडेलची माणसांवर घेतलेली परीक्षा. अमेरिका, युरोप आणि आयएसओ यांनी मिळून २०१८ मध्ये एक सामायिक पद्धत ठरवली. तिचं नाव आयएसओ ८१०६०-२. त्यात सर्वसाधारणपणे किमान ८५ लोक घेतात. वेगवेगळ्या घेराचे दंड, कमी-जास्त बीपी, स्त्री-पुरुष असं सगळं मिश्रण लागतं. प्रशिक्षित माणसं स्टेथोस्कोप लावून बीपी मोजतात आणि मशीनचा आकडा त्याच्याशी ताडून बघतात. पास होण्यासाठी सरासरी फरक ५ मिमीच्या आत आणि आकड्यांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, ८ मिमीच्या आत असावं लागतं.

विखुरलेपणाची अट का? समजा एक मशीन अर्ध्या लोकांना १५ ने जास्त दाखवतं आणि अर्ध्यांना १५ ने कमी. सरासरी फरक शून्य! कागदावर एकदम अचूक, प्रत्यक्षात एकाही माणसाच्या कामाचं नाही. दुसरी अट अशा मशीनला पकडते.

आता हे तपासायचं कसं?

१. मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर शोधा. तो बॉक्सवर आणि मशीनच्या खालच्या बाजूला असतो. जाहिरातीतलं ‘प्रो’, ‘डिलक्स’, ‘स्मार्ट’ हे नाव चालणार नाही.

२. गुगलवर ‘स्ट्राइड बीपी’ शोधा. ही रक्तदाबतज्ज्ञांनी चालवलेली साइट आहे आणि तिच्यावर व्हॅलिडेटेड मशीनची यादी फुकट बघता येते. ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीचीही अशीच यादी आहे.

३. अक्षर आणि आकडे तंतोतंत जुळतात का बघा. एका कंपनीचं एक मॉडेल यादीत आहे म्हणून तिची सगळी मॉडेल्स पास होत नाहीत. ओमरॉन, मायक्रोलाइफ, ए अँड डी, बॉयरर अशा कंपन्यांची बरीच मॉडेल्स यादीत सापडतात, तरी प्रत्येक वेळी मॉडेल नंबरच बघायचा.

४. देशानुसार नंबरच्या शेवटी वेगळी अक्षरं लागतात. शंका आली तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून सरळ विचारा, ‘या मॉडेलचं क्लिनिकल व्हॅलिडेशन कोणत्या पद्धतीने झालंय?’ फोनपेक्षा ईमेल बरा, उत्तर लेखी राहतं.

बॉक्सवरच्या बाकी शिक्क्यांचं काय? आयएसओ १३४८५ हे कारखान्याच्या दर्जा व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे. सीई हा युरोपात विक्रीसाठीचा शिक्का. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून बीपी मशीन औषध कायद्याच्या कक्षेत आली, त्यामुळे बॉक्सवर उत्पादन किंवा आयातीचा परवाना क्रमांक बघा. हे सगळं असणं चांगलंच. पण यातला एकही शिक्का ‘या मॉडेलची माणसांवर परीक्षा झाली आणि ते पास झालं’ एवढं सांगायला पुरेसा नाही. तो वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर यादीत.

आणि रिव्ह्यू? रिव्ह्यू लिहिणाऱ्याला पॅकिंग, डिलिव्हरी, स्क्रीनचे अंक मोठे आहेत का हे सांगता येतं. आकडा बरोबर आहे की नाही हे तो घरबसल्या कसं सांगणार?

कफचा साइज: सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट

शर्ट घेताना आपण साइज बघतो. दंडाला बांधायच्या कफला साइज असतो हेच अनेकांना माहीत नसतं. कफ लहान पडला की बीपी जास्त येतं, फार मोठा झाला की कमी येतं.

किती फरक पडतो? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे मोजलं आणि २०२३ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये छापलं. लार्ज कफ लागणाऱ्या लोकांना रेग्युलर कफ लावला तर वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला. एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्यांना रेग्युलर लावला तर तब्बल १९.५ ने जास्त! आणि स्मॉल लागणाऱ्यांना रेग्युलर लावला तर ३.६ ने कमी. मशीन तेच, माणूस तोच, फक्त कफ चुकला आणि १२५ चे १४४ झाले.

मापायची पद्धत: खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, दंड सैल सोडून, शिलाईच्या टेपने घेर मोजा. टेप नसेल तर दोरी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. मग बॉक्सवर लिहिलेली रेंज बघा. बऱ्याच मशीनसोबत २२ ते ३२ सेंटिमीटरचा कफ येतो, काहींसोबत २२ ते ४२ चा. घरात बाबांचा दंड ३५ आणि आजीचा २३ असेल तर मोठ्या रेंजचा कफ बघा किंवा दुसरा कफ वेगळा मिळतो का ते आधी विचारा. कफ त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा हवा. ‘कोणालाही बसतो’ म्हणून मिळणारा स्वस्त कफ लावला तर व्हॅलिडेशनचा अर्थच उरत नाही.

दंडाचं, मनगटाचं की बोटाचं?

दंडाचं मशीन हीच पहिली पसंती. मनगटाचं मशीन दिसायला छान आणि प्रवासाला सोपं, पण हात थोडा वर-खाली झाला तरी आकडा हलतो. दंडाला कुठलाच कफ नीट बसत नसेल तर डॉक्टरांना विचारून मनगटाचं घेता येतं. बोटाला लावायची मशीन घेऊ नका.

डायलवालं मशीन स्टेथोस्कोपसकट येतं आणि वापरायला सराव लागतो. घरात नर्स किंवा डॉक्टर नसेल तर नको. पाऱ्याचं जुनं मशीन घरात पडून असेल तर तेही वापरू नका. पारा विषारी आहे आणि मिनामाता करारानुसार अशी मशीन जगभर बंद होत आहेत. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला. ते कचऱ्यात मात्र टाकू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये विचारून द्या.

कोणत्या फीचरला पैसे द्यायचे?

खरोखर उपयोगी:

- *मेमरी, तारीख-वेळेसकट.* घरात दोन माणसं वापरणार असतील तर दोन वेगळे युजर हवेत. नाहीतर आईचे आणि बाबांचे आकडे एकत्र होतात आणि सरासरीचा काला होतो.
- *मोठे, ठळक अंक.* चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत.
- *कफ नीट बांधल्याची खूण.* नवख्या माणसाला फार मदत होते.
- *अनियमित ठोक्यांची खूण.* हे निदान नाही. पण ती वारंवार आली तर डॉक्टरांना सांगा, कारण ठोके अनियमित असतील तर मशीनचा आकडाही कमी भरवशाचा होतो.
- *आपोआप दोन-तीन वेळा मोजून सरासरी काढणं.* असेल तर उत्तम.
- *साधे सेल आणि ॲडॉप्टर दोन्ही.* लाइट गेली तरी गावाकडे अडायला नको.

असलं तर असू दे: बोलून आकडा सांगणारं मशीन नजर कमी झालेल्या आजी-आजोबांसाठी कामाचं. बाकीच्यांना मात्र मोठ्याने ‘आपले बीपी जास्त आहे’ ऐकून उगाच धडकी भरते. लाल-पिवळा-हिरवा पट्टा बघायला सोपा, पण त्याच्या मर्यादा कोणत्या देशाच्या नियमाप्रमाणे ठेवल्यात ते मॅन्युअलमध्ये वाचा.

ब्लूटूथ आणि ॲप: हवं का?

तुम्ही पुण्यात किंवा बंगळुरूत आणि आई-बाबा साताऱ्याजवळच्या गावात, असं असेल तर ब्लूटूथचा मोह होतोच. उपयोग आहे, पण घेण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, मशीन ॲपशिवाय चालतं का? काही मशीनला स्वतःची स्क्रीनच नसते. उद्या कंपनीने ॲप बंद केलं किंवा नवीन अँड्रॉइडवर ते चाललं नाही तर मशीन म्हणजे नुसता पट्टा. स्क्रीन असलेलंच घ्या.

दुसरी, डेटा बाहेर काढता येतो का? सीएसव्ही किंवा पीडीएफ मिळालीच पाहिजे. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट आणि आयफोनवर ॲपल हेल्थशी जोडता आलं तर आणखी चांगलं. ब्लूटूथमध्ये बीपीसाठी ठरलेलं स्टँडर्ड प्रोफाइल आहे. ते वापरणारं मशीन दुसऱ्या ॲपशी जुळण्याची शक्यता जास्त.

तिसरी, परवानग्या. ॲपने लोकेशन मागितलं की लगेच घाबरू नका. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ डिव्हाइस शोधायलाच लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची डिव्हाइसेस’ अशी वेगळी परवानगी आली. पण बीपीच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स, एसएमएस किंवा कॉल लॉग कशाला हवेत? मागितले तर नकार द्या, अडून बसलं तर ॲप काढून टाका.

चौथी, अकाउंट न उघडता ॲप चालतं का? बीपीचा इतिहास ही आरोग्याची खासगी माहिती आहे. ती सर्व्हरवर जाते की फोनमध्येच राहते, अकाउंट डिलीट करता येतं का, हे प्रायव्हसी पॉलिसीत बघा.

हे सगळं नको असेल तर वही आणि पेन अजूनही उत्तम चालतं. आमच्या घरी आई स्क्रीनचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकते. फोटोवर वेळ आपोआप येते, आणि डॉक्टरांनाही तोच दाखवता येतो.

स्मार्टवॉच आणि मोबाईल ॲपचं काय?

तरुण वाचकांचा हा हमखास प्रश्न. बहुतेक स्मार्टवॉचमध्ये कफ नसतो. घड्याळ त्वचेवर हिरवा उजेड टाकतं, परत येणाऱ्या उजेडावरून नाडीची लाट टिपतं आणि त्या लाटेच्या आकारावरून बीपीचा अंदाज करतं. यात दाब कुठेच थेट मोजला जात नाही. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, त्यांना दर २८ दिवसांनी खऱ्या कफवाल्या मशीनने कॅलिब्रेट करावं लागतं. म्हणजे मशीन घ्यावंच लागतं! ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सोय बीपीचा आकडा देतच नाही. ३० दिवसांचा डेटा बघून ‘रक्तदाब वाढलेला असू शकतो, मशीनने मोजा’ एवढंच सुचवते. आत फुगणारा पट्टा असलेली थोडी घड्याळं आहेत, ती महाग आणि वेगळ्या जातीची.

आणि दोन हजारांच्या घड्याळातलं ‘बीपी’? एक प्रयोग करा. घड्याळ पाण्याच्या बाटलीला किंवा केळ्याला बांधून बघा. काही घड्याळं केळ्याचंही बीपी सांगतात.

कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपचा इतिहास तर जपून ठेवण्यासारखा आहे. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं आयफोन ॲप २०१४-१५ मध्ये एक लाखाहून जास्त वेळा विकलं गेलं. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते तपासलं तेव्हा बीपी वाढलेल्या पाच जणांपैकी जवळपास चौघांना ॲप ‘ठीक आहे’ असं सांगत होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर कारवाई केली.

हे दूरचं उदाहरण वाटत असेल तर घरातलं सांगतो. माझ्या एका काकांना मुलाने हौसेने घड्याळ दिलं. ते रोज ११८/७६ च्या आसपास दाखवायचं. पंधरा दिवस बघून काकांनी स्वतःच गोळी अर्धी केली. पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडे १५८/९६ निघालं. काही वाईट व्हायच्या आत कळलं म्हणून ठीक. घड्याळाने इशारा दिला असता तर काका घाबरून डॉक्टरांकडे गेले असते. त्याने खोटा दिलासा दिला म्हणून प्रकरण पंधरा दिवस चाललं.

घड्याळ पावलं मोजायला, झोप बघायला ठेवा. बीपीसाठी कफ.

मोजायची पद्धत: मशीनइतकीच महत्त्वाची

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, मिश्री, सिगारेट आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन या. मग:

१. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा. पाय जमिनीवर सपाट, एकमेकांवर टाकलेले नकोत. पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत किंवा जमिनीवर मांडी घालून नको.

२. पाच मिनिटं शांत बसा. मोबाईल बाजूला, टीव्ही बंद.

३. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधा. ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर सरकवून तिचा करकोचा करू नका. बाहीतून हात काढून घ्या.

४. दंड हृदयाच्या पातळीवर येईल असा हात टेबलावर ठेवा. टेबल खाली पडत असेल तर खाली उशी घ्या.

५. मशीन चालू असताना बोलू नका. ‘किती आलं, किती आलं?’ विचारणाऱ्यालाही बाहेर पाठवा.

६. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

चौथ्या मुद्द्याचं गणित सोपं आहे. कफ हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली असेल तर मधल्या रक्ताच्या स्तंभाचा दाब आकड्यात मिसळतो. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड, पारा साडेतेरा पट जड. हिशेब केला तर १० सेंटिमीटरला जवळपास ८ मिमी पारा येतो. १५ सेंटिमीटर खाली असेल तर १२. खरं १२६ असलेल्या माणसाला मशीन १३८ दाखवेल, आणि मशीनची त्यात काहीही चूक नसेल.

आकडे कसे वाचायचे?

एका आकड्यावर जाऊ नका. बीपी दिवसभर हलतं. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा आणि रात्री दोनदा मोजा. एकूण २८ आकडे होतील. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्या आणि उरलेल्या २४ ची सरासरी काढा. सात दिवस जमत नसतील तर किमान तीन.

दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेषा बहुतेक ठिकाणी धरतात. घरच्या सरासरीसाठी ती १३५/८५ आहे. अमेरिकेतली रेषा २०१७ पासून १३०/८० आहे, म्हणून इंटरनेटवर दोन वेगळी उत्तरं दिसतात. तुमच्या घरातल्या माणसासाठी लक्ष्य किती हे डॉक्टर वय आणि बाकी आजार बघून ठरवतील. आवडले तेवढे आकडे लिहिणं टाळा. जास्त आलेलाही लिहा.

लक्षात ठेवा: १८०/१२० च्या वर आलं तर शांत बसून काही मिनिटांनी पुन्हा मोजा. पुन्हा तेवढंच आलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं किंवा दिसायला त्रास होत असेल तर दुसऱ्या मोजणीचीही वाट बघू नका. महाराष्ट्रात अँब्युलन्ससाठी १०८ लावा.

मशीन घरी आल्यावर

तारीख आणि वेळ सेट करा. मग पुढच्या भेटीत मशीन डॉक्टरांकडे घेऊन जा. व्हॅलिडेटेड मशीनही प्रत्येक माणसावर सारखं चालेल असं नाही, म्हणून ही तपासणी करायचीच. एकाच हातावर आलटून पालटून दोन्ही मशीनने मोजा. फरक ५ च्या आत असेल तर उत्तम. ५ ते १० असेल तर पुन्हा तपासा. १० च्या वर जात असेल तर ते मशीन वापरू नका आणि वॉरंटीत बदलून घ्या. म्हणूनच रिटर्नची मुदत संपायच्या आत ही भेट उरका. बिल जपून ठेवा. पुढे वर्षातून एकदा, आणि मशीन हातातून पडलं तर लगेच, पुन्हा ताडून बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डावा हात की उजवा? पहिल्यांदा दोन्हीवर मोजा. ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे कायम वापरा. दोन्ही हातांत सतत १० पेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टरांना सांगा.

पहिला आकडा नेहमी जास्त का येतो? बरेचदा येतो, मन स्थिरावलेलं नसतं. म्हणून दोनदा मोजायचं.

गरोदरपणात हेच मशीन चालेल? गरोदरपणात मशीनची परीक्षा वेगळी घेतात आणि यादीत त्यांची नोंद वेगळी असते. ती बघा आणि डॉक्टरांना विचारा. लहान मुलांसाठीही हेच.

मी २५ वर्षांचा आहे, मी मोजू का? मशीन घरात आलंच आहे तर सात दिवस मोजून ठेवा. घरात कुणाला बीपी असेल तर नक्कीच.

महाग मशीन जास्त अचूक असतं का? तसं काही नाही. जास्तीचे पैसे बहुतेक वेळा ब्लूटूथ, मेमरी आणि मोठ्या कफचे असतात. यादीत असलेलं साधं मशीन हे यादीत नसलेल्या महाग मशीनपेक्षा केव्हाही बरं.

दिवसातून दहा वेळा मोजलं तर? चिंता वाढेल, चिंतेने बीपी वाढेल आणि मग अकराव्यांदा मोजावंसं वाटेल. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मोजा.

ऑर्डर टाकण्याआधीची यादी

स्क्रीनशॉट काढून ठेवा:

- दंडाचा घेर: ____ सेंटिमीटर. कफच्या रेंजमध्ये बसतो का?
- पूर्ण मॉडेल नंबर व्हॅलिडेटेड यादीत आहे का?
- बॉक्सवर परवाना क्रमांक आहे का?
- दोन युजर, तारखेसकट मेमरी, मोठे अंक आहेत का?
- ॲपशिवाय चालतं का?
- वेगळा कफ आणि सर्व्हिस तुमच्या शहरात मिळते का?
- रिटर्नची मुदत किती दिवस?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ नसेल तर बाकीचे पाच बघायची गरज नाही, पुढच्या मशीनकडे वळा.